स्प्लिट चुकलं तरी गप्प बसतं: वाचकांचे कोडिंगचे प्रश्न

गेल्या वेळी आपण फाइल उघडून ओळी कशा वाचायच्या ते बघितलं, आणि त्यानंतर जे प्रश्न आले ते जवळपास सगळे एकाच ठिकाणी अडकलेले, की ताई ओळ तर हातात आली, आता तिचे तुकडे नीट का पडत नाहीत. म्हणून आजचं अख्खं सदर स्प्लिटला, म्हणजे मजकुराचे तुकडे करून देणाऱ्या फंक्शनला देतेय. कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीतच छापलाय, कॉम्प्युटरवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग घाला. (व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखर मराठीत चालतात, 'ओळ' असं नाव देऊन बघा एकदा, छान वाटतं.)

प्रश्न: वर्गातल्या मुलांच्या नावांच्या फाइलवरून आडनावं वेगळी काढायचीयत. पायथनमध्ये ओळ.स्प्लिट(' ') लिहिलं आणि दुसरा तुकडा घेतला. निम्म्या मुलांचं बरोबर येतं, काहींचं आडनाव रिकामं येतं, काहींच्या आडनावामागे बॅकस्लॅश एन चिकटलेलं दिसतं. एररपण येत नाही. काय चुकतंय? (बीसीए दुसरं वर्ष, सांगली)

एरर येत नाही हे तू लिहिलंयस ना, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्प्लिटला तू रिकामा सेपरेटर (म्हणजे जिथे कापायचं ते चिन्ह) दिलास तर पायथन ओरडतं, बाकी काहीही दे, ते निमूटपणे लिस्ट काढून देतं, मग त्या लिस्टमध्ये आडनाव असो की हवा. त्यामुळे तुकडे बरोबर पडले की नाही हे बघायचं काम आपलंच.

आता तुझ्या फाइलमध्ये कुणीतरी टाइप करताना 'रमेश  पाटील' असे दोन स्पेस दिलेत. स्प्लिट(' ') म्हणजे प्रत्येक स्पेसपाशी काप, त्यामुळे दोन स्पेसच्या मधल्या पोकळीचाही एक तुकडा होतो आणि तुला मिळतं ['रमेश', '', 'पाटील']. दुसरा तुकडा रिकामा, बरोबर ना? कंसात काहीच न देता नुसतं स्प्लिट() लिही. मग ते सलग कितीही स्पेस, टॅब, ओळीचा शेवट, सगळं एकच फट धरतं आणि दोन्ही टोकांची पोकळी टाकून देतं, म्हणून तुझा तो बॅकस्लॅश एनसुद्धा जातो, ती ओळ संपल्याची खूणच आहे. वेबपेजवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारा स्पेस म्हणून एक प्रकार असतो, डोळ्याला तो साध्या स्पेससारखाच दिसतो, पण स्प्लिट(' ') त्याला ओळखत नाही आणि नुसतं स्प्लिट() ओळखतं. दिसत काहीच नाही पण तुकडे चुकतायत असं झालं की ओळ नुसती प्रिंट करू नकोस, प्रिंट(रेप्र(ओळ)) कर, लपलेली चिन्हं कोडसकट समोर येतात.

आणि आडनाव म्हणजे दुसरा तुकडा हे कुणी सांगितलं? 'बाळ गंगाधर टिळक' मध्ये दुसरा तुकडा वडिलांचं नाव आहे. शेवटचा तुकडा घे, म्हणजे तुकडे[-१]. तेही शाळेच्या रजिस्टरात फसतं, कारण तिथे 'टिळक बाळ गंगाधर' असं आडनाव आधी लिहायची पद्धत असते, आणि यातलं कुठलं हे कोडला कधीच कळणार नाही. यादी ज्या क्लार्कनी टाइप केली त्यांना जाऊन विचार, ५ मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, रिटायर झाल्यावर पायथन शिकतोय. सभासदांच्या सीएसव्ही फाइलमध्ये क्रमांक, नाव, पत्ता, पिनकोड, फोन असे पाच कॉलम आहेत. ओळ.स्प्लिट(',') केलं की कुणाचे पाच तुकडे येतात, कुणाचे सात, कुणाचे आठ. (डोंबिवली)

काका, सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाइल, आणि तुमच्या पत्त्यातही स्वल्पविराम आहेत. 'फ्लॅट ४, दुसरा मजला, स्टेशन रोड' हा तुमच्यासाठी एक पत्ता आहे पण स्प्लिटसाठी ते तीन तुकडे, त्याला काय माहीत कुठला स्वल्पविराम कॉलमचा आणि कुठला पत्त्यातला.

हे मी मनापासून सांगतेय कारण याचा फटका मी स्वतः बघितलाय. नोकरीच्या सुरुवातीला एका ऑफिसात मी अशाच एका यादीवरून पत्रांसाठी पत्ते छापणारा प्रोग्राम लिहिला होता, स्वल्पविरामावर कापून. पत्ता तिसरा तुकडा, पिनकोड चौथा, असं ठरवून टाकलेलं. ज्यांच्या पत्त्यात स्वल्पविराम होता त्यांच्या पाकिटावर पिनकोडच्या जागी 'दुसरा मजला' छापलं गेलं आणि पाकिटं परत यायला लागली तेव्हा कळलं. त्यात म्हातारी माणसं होती जी त्या पत्राची वाट बघत होती. प्रोग्राम शेवटपर्यंत धावला होता, एकही एरर न देता. तेव्हापासून मी तुकडे पाडले की आधी ते मोजते.

तर उपाय. आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, एक्सेलमध्ये नको, एक्सेल ती सजवून दाखवतं. पत्त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्ह असेल, "फ्लॅट ४, दुसरा मजला, स्टेशन रोड" असं, तर फाइल चांगली आहे, फक्त स्प्लिट तिच्यासाठी नाही. पायथनसोबतच सीएसव्ही नावाचं मॉड्यूल येतं, त्यातला रीडर वापरा. अवतरणातला स्वल्पविराम तो कापत नाही, मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचा जो नियम आहे तोही त्याला कळतो, आणि एखाद्यानी पत्ता लिहिताना मध्येच एंटर मारलं असेल तर ती ओळही तो तुटू देत नाही, मात्र त्यासाठी फाइल उघडताना न्यूलाइन='' द्यायला विसरू नका. याचे नियम २००५ साली आरएफसी ४१८० म्हणून लिहूनही ठेवलेत, पण त्याच्या आधीपासून प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीनं सीएसव्ही बनवत आलंय, म्हणून नियम आहे म्हणजे तुमची फाइल तो पाळते असं धरू नका.

अवतरणचिन्हं नसतील तर जरा डोकं लावावं लागेल. तुमच्या ओळीत डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन कॉलम स्वच्छ आहेत, गोंधळ फक्त मधल्या पत्त्यात आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी आत या. ओळ.स्प्लिट(',', २) केलं की पहिल्या दोनच स्वल्पविरामांवर कापतं, तुम्हाला क्रमांक, नाव आणि बाकीचा सगळा ऐवज एका तुकड्यात मिळतो. त्या ऐवजाला आरस्प्लिट(',', २) लावा, ते उजवीकडून दोनदा कापतं, मग पत्ता, पिनकोड, फोन असे तिघं वेगळे आणि पत्त्यातले स्वल्पविराम जागच्या जागी. यानंतर पिनकोड बरोबर ६ आकडी आहे का ते तपासा, नसेल ती ओळ बाजूला काढून ठेवा आणि डोळ्यानी बघा.

एक अजून, फाइल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली असेल तर सुरुवातीला बॉम नावाचं एक न दिसणारं चिन्ह येतं आणि पहिल्या कॉलमचं नाव समोर दिसत असून कोडला सापडत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, जाईल.

प्रश्न: जावामध्ये "पुणे|नाशिक|नगर" ला पाइपवर स्प्लिट केलं तर एकेक अक्षर सुटं झालं. टिंबावर केलं तर अ‍ॅरे पूर्ण रिकामा. (नोकरीला नवीन, हिंजवडी)

जावाचं स्प्लिट साधं चिन्ह घेत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशन घेतं, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारी खुणांची भाषा. तिथे पाइपचा अर्थ 'हे किंवा ते', आणि तू दोन्ही बाजूंना काहीच दिलं नाहीस म्हणून ते 'काही नाही किंवा काही नाही' वर कापतं, म्हणजे सगळीकडे. टिंबाचा अर्थ कुठलंही चिन्ह, मग सगळाच मजकूर सेपरेटर झाला आणि उरलेले रिकामे तुकडे जावा शेवटून टाकून देतं, हातात शून्य. चौकटी कंसात घाल, "[|]" किंवा "[.]", किंवा पॅटर्न.कोट वापर.

ते शेवटचे रिकामे तुकडे टाकून देणं मात्र लक्षात ठेव. "४५,६२,," या ओळीत शेवटच्या दोन विषयांना मुलगा गैरहजर असेल तर जावा तुला दोनच तुकडे देईल. चारही हवे असतील तर सेपरेटरनंतर लिमिट म्हणून -१ दे.

प्रश्न: मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांसाठी गावांच्या नावांच्या भेंड्यांचा छोटा प्रोग्राम करतेय. 'रत्नागिरी' चं शेवटचं अक्षर मागितलं तर नुसती दीर्घ वेलांटी आली, आणि अक्षरं मोजली तर ९! मुलं तर चारच मोजतात. (चिपळूण)

बाई, मुलं बरोबर आहेत. र, त्ना, गि, री, चारच.

हा प्रश्न आला तेव्हा मला खूप आनंद झाला कारण स्प्लिट शिकवणारे जवळपास सगळे धडे इंग्रजी शब्दांवर असतात आणि तिथे हे कधी समोरच येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या मानकात, देवनागरीची लिपी आपण पाटीवर गिरवतो तशी अक्षरानं साठवलेली नाही. व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण वेगळी, अनुस्वार वेगळा. 'रत्नागिरी' आतून असं आहे: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. मोजा, ९ येतात. लिस्ट('रत्नागिरी') हेच ९ सुटे करून देतं. आणि त्याखाली बाइटच्या पातळीवर गेलात तर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे हाच शब्द २७ बाइट, म्हणून बाइट मोजून कापलेल्या मराठी मजकुराच्या टोकाला कधीकधी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो, तिथे चिन्हच मध्ये चिरलं गेलेलं असतं.

अक्षर ही कल्पना कॉम्प्युटरला शिकवावी लागते. युनिकोडवाले माणसाला जे एक अक्षर वाटतं त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि त्याचे नियम त्यांनी लिहिलेत, पण बरीच वर्षं त्या नियमांत हलन्तानंतर तुकडा पडायचा, म्हणजे त् वेगळा आणि ना वेगळा, रत्नागिरीचे ५. जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. त्यामुळे तुम्ही तयार साधन घेतलंत, पायथनचं रेगेक्स मॉड्यूल किंवा जावास्क्रिप्टचं इंटल.सेगमेंटर, तर आवृत्तीप्रमाणे ४ किंवा ५ येतील. आधी रत्नागिरीच घालून बघा, कसोटीला उत्तम शब्द आहे.

पण तुमचा प्रोग्राम छोटा आहे, मी म्हणेन स्वतःच लिहा. शब्दातलं एकेक चिन्ह घ्या. ते मात्रा, हलन्त, अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू यातलं असेल तर आधीच्या तुकड्याला चिकटवा. व्यंजन असेल आणि आधीचा तुकडा हलन्तानं संपत असेल तरीही चिकटवा. नाहीतर नवीन तुकडा सुरू करा. मात्रा ओळखायला युनिकोडडेटा मॉड्यूलचं कॅटेगरी आहे, आपल्या सगळ्या मात्रा आणि हलन्त 'एमएन' किंवा 'एमसी' गटात येतात. दहा-बारा ओळींत होतं. भेंड्यांसाठी शेवटच्या तुकड्यातलं शेवटचं व्यंजन घ्या, री मधून र, की पुढचं गाव राजापूरपासून रावेरपर्यंत काहीही.

आता एक खास मराठीची अडचण, जी हिंदीवाल्यांना येत नाही. 'दऱ्या' मधला तो अर्धा र, दरवाज्यातल्या फटीसारखा आडवा. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना वेगळं आणि आचाऱ्यांना वेगळं, अर्थच बदलतो. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे म्हणून एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कोडच्या दृष्टीनं दोन वेगळे शब्द. आणि न दिसणारी चिन्हं साफ करा असा सल्ला कुठेतरी वाचून कुणी ते जोडचिन्ह पुसलं की दऱ्याचा दर्या होतो, मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरतं. युनिकोडचं नॉर्मलाइज (एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एक करणारं फंक्शन) लावूनही हे दोन एक होत नाहीत, मी करून बघितलंय. म्हणून काहीही कापायच्या आधी एकदा रिप्लेस लावा, 'र + हलन्त + जोडचिन्ह' दिसलं की 'ऱ + हलन्त' करा, आणि मग पुढे जा.

प्रश्न: मराठीत एम.ए. करतेय, जुन्या अभंगांमधले शब्द मोजायचेत. शब्द सुटे करायला बॅकस्लॅश आणि मोठा डब्ल्यू वापरा असं सगळीकडे लिहिलंय, पण 'मराठी भाषा' चे तुकडे मर, ठ, भ, ष असे येतात! (नांदेड)

हे बघून वाईट वाटतं ना, मलाही वाटलं होतं. ती खूण म्हणजे 'शब्दाचा भाग नसलेलं चिन्ह', आणि पायथनच्या साध्या आरई या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मॉड्यूलला मात्रा शब्दाचा भाग वाटत नाहीत, त्यामुळे काना आणि वेलांटी दिसली की ते कापतं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये तर ती खूण मुळात इंग्रजी अक्षरांपुरतीच आहे, जावात निदान वेगळा फ्लॅग देऊन बदलता येते. वर म्हटलेलं रेगेक्स मॉड्यूल इन्स्टॉल केलंस तर तीच खूण मात्रा धरून चालते.

पण तुझ्या कामाला मी रेग्युलर एक्स्प्रेशन वापरणारच नाही. आधी दंड आणि दुहेरी दंड यांच्या जागी स्पेस घाल आणि मग नुसतं स्प्लिट(). लक्षात ठेव, टाइप करणाऱ्यांनी अनेकदा दंडाच्या जागी कीबोर्डवरचा पाइप मारलेला असतो, दिसायला तसाच, तोही त्यात घे. शब्दाच्या टोकाला चिकटलेले स्वल्पविराम, अवतरणं स्ट्रिपनी काढ. अपूर्णविराम म्हणजे कोलनवर मात्र अजिबात कापू नकोस, कारण विसर्ग सापडला नाही म्हणून कितीतरी जण 'दु:ख' कोलन घालून लिहितात, तिथे कापलंस की अभंगातलं सगळं दुःख 'दु' आणि 'ख' होऊन बसेल आणि तुझ्या मोजणीत तो शब्द दिसणारच नाही. आधी शब्दाच्या मध्ये आलेल्या कोलनचा विसर्ग कर. ॥१॥ मधला आकडा सुटा शब्द म्हणून येईल, तो गाळून टाक.

प्रश्न: पायथनमध्ये 'क,ख,ग' ला स्प्लिट(',', १) केलं तर 'क' आणि 'ख,ग' येतं. जावास्क्रिप्टमध्ये तेच केलं तर फक्त 'क'. बाकीचं कुठे गेलं? (कोल्हापूर)

टाकून दिलं. पायथनचा आकडा म्हणजे किती वेळा कापायचं, जावास्क्रिप्टचा म्हणजे किती तुकडे ठेवायचे, आणि उरलेलं ते फेकून देतं. जावाचा आकडाही तुकड्यांचाच, पण ते फेकत नाही, २ दिलंस तर 'क' आणि 'ख,ग' देतं. पहिल्याच स्वल्पविरामावर दोन भाग हवे असतील तर जावास्क्रिप्टमध्ये इंडेक्सऑफनी जागा शोध आणि स्लाइस कर. पायथनमध्ये अशा कामाला पार्टिशन मला जास्त आवडतं, सेपरेटर सापडो न सापडो, तिथे कायम तीनच तुकडे येतात.

प्रश्न: आजीला आता वाचता येत नाही, म्हणून मराठी लेख वाक्यावाक्यानं तोडून बोलणाऱ्या सॉफ्टवेअरला देतोय. टिंबावर कापतो, पण 'पु. ल. देशपांडे यांचा जन्म १९१९ साली मुंबईत झाला.' याची तीन वाक्यं होतात आणि आजी वैतागते. (बेळगाव)

आजीचं बरोबर आहे, 'पु' म्हणून थांबलेलं कुणाला आवडेल.

इंग्रजीत लोक एक युक्ती करतात, टिंबानंतर मोठ्या लिपीतलं अक्षर आलं तरच नवीन वाक्य. पु. ल. सारख्या आद्याक्षरांपुढे ती तिथेही नीट चालत नाही, पण आपल्याकडे मोठी-छोटी लिपीच नाही, त्यामुळे तो आधार मुळातच नाही. पहिली पायरी, टिंबानंतर स्पेस किंवा ओळीचा शेवट असेल तरच कापायचं, म्हणजे १५.५० मधला टिंब वाचतो. दुसरी पायरी, संक्षेपांची यादी: डॉ., प्रा., श्री., सौ., कै., रु., इ.स., मा., आणि लेखकांची आद्याक्षरं, पु., ल., वि., वा., ना., सी. वगैरे. टिंबाच्या आधीचा शब्द यादीत असला की कापायचं नाही.

कुणी म्हणेल यादी कशाला, टिंबाआधी एकच अक्षर असेल तर कापू नका असा सरळ नियम करा. मी तो करून बघितला आणि सोडला. 'तो म्हणाला हो.' 'तू ये ना.' मराठीत वाक्यं एका अक्षरावर खुशाल संपतात. यादी लांबली तरी चालेल पण यादीच ठेव. त्यातही 'ना.' अवघड आहे, 'ना. गोखले' मध्ये तो नामदार आहे आणि 'ये ना.' मध्ये वाक्याचा शेवट. तिथे मी असं करते की 'ना.' च्या आधीचा शब्द क्रियापद असेल, म्हणजे ये, जा, बस, सांग, कर, आहे, अशी पंचवीसेक रूपं काढून ठेवलीयत, तर कापायचं आणि नाहीतर जोडून ठेवायचं. चुकतं कधीकधी. चुकायचंच असेल तर जोडण्याच्या बाजूनं चुकू दे, दोन वाक्यं एका दमात वाचली गेली तर आजीला फार तर घाई वाटेल, पण नावाचे तुकडे झाले तर कोणाबद्दल चाललंय तेच कळायचं नाही.